गावचाच पोरगा आहे, मग एमएसडब्ल्यूत शिकायचं काय?

दारव्हा तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. बीए झालं, समाजकार्य महाविद्यालयात एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, नंबर लागतो आहे. घरी चार एकर कोरडवाहू वावर, वडील म्हणतात पोलीस भरतीची तयारी कर. नोकरी लागते का, हे त्याने विचारलं आहेच. पण त्याच्या खालच्या ओळीवर मी जास्त अडकले: “मी खेड्यातच वाढलो. नापिकी, सावकार, दारू, सगळं घरात नाही तर शेजारी पाहिलं. आठवड्यातून दोन दिवस खेड्यात पाठवतात म्हणे. मी तर सातही दिवस खेड्यातच असतो. मग दोन वर्षं मला शिकवणार काय?”

भाऊ, वयाने लहान असशील म्हणून अरेतुरे करते, राग मानू नको. मी २००८ साली एमएसडब्ल्यू झाले आणि तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यातच काम करते आहे. आमच्या संस्थेत दरवर्षी समाजकार्याची पाच-सहा मुलं-मुली फिल्डवर्कला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाला, येतात. त्यामुळे हा अभ्यासक्रम मी बाकावर बसूनही पाहिला आहे आणि टेबलाच्या पलीकडूनही.

नोकरीचं पुढे बोलू. ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: घरी आणखी दोन वर्षं दम धरता येतो का, जिल्हा सोडायची तुझी तयारी आहे का, आणि कॉलेज फिल्डवर्क खरंच करून घेतं की सह्यांवर भागवतं. तुझी दुसरी शंका मात्र जशीच्या तशी माझीही होती. मी अचलपूर तालुक्यातली, कास्तकाराच्या घरची. मला वाटायचं, शहरातल्या मुलींनी शिकावं हे, आपल्याला काय नवीन?

२००६ चा हिवाळा होता. माझं पहिलं वर्ष. आत्महत्याग्रस्त कुटुंबांसाठी सरकारने त्याच वर्षी मदतीची रीत ठरवून दिली होती. पात्र कुटुंबाला एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार खात्यात ठेव म्हणून. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जायचं. शेती कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं आहे का, वसुलीचा तगादा होता का, असं सगळं पाहून ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ शिक्का बसायचा. माझ्या फिल्डवर्कच्या गावात एका बाईचा नवरा फवारणीचं औषध पिऊन गेला होता. मी तिच्या अंगणात बसले, दोन घोट पाणी प्यायले आणि योजना सांगायला लागले. शेवटी म्हटलं, “काळजी करू नका काकू, मिळतील पैसे.”

नाही मिळाले. नवरा मक्त्याने दुसऱ्याचं वावर करायचा, सातबारावर त्याचं नाव कुठेच नव्हतं. अपात्र. तोवर तिने माझ्या भरवशावर कृषी केंद्रवाल्याला शब्द देऊन ठेवला होता की संक्रांतीला उधारी फेडते. संक्रांतीनंतर त्याने तिला चारचौघांत बोल लावले. मी गेले तर ती मला काही बोलली नाही, चहाच ठेवला. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे, चांगल्या अर्थाने नव्हे.

आता गंमत बघ. पहिल्या भेटीनंतर माझ्या रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे फिल्डवर्कच्या नोंदवहीत, मी लिहिलं होतं: “शासकीय योजनेची माहिती देऊन कुटुंबाला धीर दिला.” आमच्या मॅडमनी त्या वाक्याखाली लाल पेनने रेघ मारून समासात दोन प्रश्न लिहिले होते. “माहिती दिली की आश्वासन? तिला काय हवं, हे विचारलं का?” मला तेव्हा राग आला होता. नवरा गेलेल्या गरीब बाईला काय हवं असणार, पैसेच ना? हे काय विचारायचं?

समितीचा निकाल आल्यावर मान खाली घालून गेले आणि विचारलं. तिची सातवीतली मुलगी शाळेतून निघण्याच्या बेतात होती. आई कापूस वेचायला गेली की दोन वर्षांचा धाकटा कोणाकडे ठेवायचा, म्हणून मुलगी घरी. बाईला त्या घडीला एवढंच हवं होतं की पोरीचं वर्ष बुडू नये. शेजारची एक म्हातारी धाकट्याला सांभाळायला तयार झाली, बदल्यात बाई तिचं पाणी भरून देणार. पंधरा मिनिटांचं बोलणं. संजय गांधी निराधार योजनेचे कागद, रेशनकार्डवर तिचं नाव हे सगळं नंतर केलं, त्याला मात्र आठ महिने लागले.

मी गावची होते म्हणूनच चुकले, हे मला फार उशिरा कळलं. शहरातली मुलगी असती तर तिने निदान विचारलं असतं, कारण तिला माहीत नसतं. मला ‘माहीत’ होतं. तुझ्या प्रश्नातही मला तेच दिसतं. तुला गाव माहीत आहे यात शंका नाही, पण कोणत्या वेटाळातून माहीत आहे? तुझ्या घराच्या ओट्यावरून दिसतं ते गाव वेगळं, गावाबाहेरच्या बेड्यावरून दिसतं ते वेगळं. पारध्यांचा बेडा, कोलामांचं पोड, बंजाऱ्यांचा तांडा. आपल्या जिल्ह्यात गावाला अशी किती नावं आहेत! यातल्या कितींच्या आत तू चहा प्यायला आहेस?

तर दोन वर्षं काय शिकवतात, त्याचं माझं उत्तर हे: आपल्याच गावाकडे नवख्याच्या नजरेने बघायला आणि तोंड आवरायला. बाकी पुस्तकात आहे.

आता हे होतं कसं, ते सांगते. फिल्डवर्क म्हणजे आठवड्यातले दोन दिवस, साधारण १५ तास, नेमून दिलेल्या गावात, दवाखान्यात, शाळेत किंवा संस्थेत. सुरुवातीला संस्थाभेटी, मग नेमणूक. प्रत्येक दिवसाचं रेकॉर्डिंग लिहायचं: कोण भेटलं, काय बोललं, तू काय केलंस, तुला आत काय वाटलं. मग आठवड्याला मार्गदर्शक शिक्षकाबरोबर एकट्याची बैठक, तिला सगळे ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात, आणि अधूनमधून गटाची बैठक. एखादं ग्रामीण शिबिर असतं. शेवटी महिनाभर एखाद्या संस्थेत राहून काम करायचं, ते ‘ब्लॉक’. शिवाय एक लघुप्रबंध. विद्यापीठागणिक तपशील बदलतात, सांगाडा हाच.

मुलं गावात जायला कंटाळत नाहीत, रेकॉर्डिंगला कंटाळतात. बसच्या सीटवर बसून मागच्या चार आठवड्यांचं एकदम लिहितात. मला ते ओळखू येतं, कारण सगळ्या दिवसांची शाई एक असते! पण या शिक्षणाचा जीव त्या वहीत आहे. मागे माझ्याकडे एक हुशार मुलगा होता, केळापूरकडचा. त्याने लिहिलं, “पोडावरील पुरुष आळशी असून दिवसा झोपलेले आढळले.” मी विचारलं, किती वाजता गेला होतास? अकरा. महिना कोणता? मार्चअखेर. म्हटलं, पुढच्या खेपेला आदल्या रात्री मुक्कामाला जा. गेला. पहाटे अंधारातच सगळं पोड टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघालं, हाही मागे. नऊ-दहाला परत आले तेव्हा याचेच डोळे मिटत होते. ‘आळशी’ हा शब्द त्याने स्वतःच खोडला. हा मुलगा शहरातला नव्हता हं, पोडापासून सहा किलोमीटरवर त्याचं गाव. सहा किलोमीटरवरून त्याला वीस वर्षं ती माणसं झोपलेलीच दिसत होती.

वर्गात काय असतं? समाजकार्याच्या पद्धती सहा शिकवतात: व्यक्तीसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, सामाजिक कृती, समाजकल्याण प्रशासन आणि संशोधन. जोडीला मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदे. यातलं निम्मं तुला कोरडं वाटेल आणि परीक्षेपुरतं पाठ करशील. आम्हीही केलं. कायदे मात्र मन लावून शिक. वनहक्क कायदा २००६ चा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा १९९६ चा, बालन्याय कायदा २०१५ चा. तहसीलमध्ये बाबू ‘असं काही नसतं’ म्हणतो तेव्हा कलम तोंडपाठ असलेला माणूस लागतो.

एका गोष्टीवर मात्र थांबते, कारण ती खेड्यात सगळ्यात अवघड जाते. बिस्टेक नावाच्या एका अमेरिकन जेझुइट पाद्र्याने १९५७ साली व्यक्तीसहाय्याची सात तत्त्वं मांडली, ती आजही पहिल्या सत्रात असतात. त्यातलं एक गोपनीयता. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते. आता तू मला सांग, आपल्या गावात अंगणात दोन खुर्च्या टाकल्या की तिसऱ्या मिनिटाला किती माणसं उभी असतात? ‘कोण आलं वं बाई?’ करत शेजारीण येते, ती बसतेच. घरात जाऊन दार लावलं तर गावभर आणखी मोठी चर्चा. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बाई बोलणार कुठे? पुस्तकात याचं उत्तर नाही, कारण ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंद खोलीचं ऑफिस होतं. मी काय करते, तर तिच्याबरोबर कामाला जाते. निंदण असेल तर शेजारची पात धरते. दोघी वाकून खाली बघत असतो, डोळ्याला डोळा नसतो, आणि तासाभराने ती आपणहून बोलायला लागते. पाण्याला जाताना, सरपणाला जाताना, तसंच. तुला पुरुष म्हणून हे जमणार नाही, तू बायांच्या पातीत शिरलास तर उलटच व्हायचं. पण रात्री जागलीला जाणाऱ्या माणसाबरोबर मचाणावर बसून बघ. दारूबद्दल, कर्जाबद्दल माणसं पारावर जे कधी बोलत नाहीत ते तिथं बोलतात. आणि ते ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्याच भावाच्या घरी जेवताना तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ही झाली गोपनीयता.

नकाशाचंही असंच. गावाचा नकाशा गावकऱ्यांकडून जमिनीवर काढून घ्यायचा, रांगोळी, गोटे, पानं काहीही वापरून. पहिल्यांदा मारुतीच्या देवळासमोर पुरुषांनी काढला: देऊळ, ग्रामपंचायत, शाळा, पाटलाचा वाडा, डांबरी रस्ता. तोच नकाशा आठ दिवसांनी बायांनी काढला, तर त्यात हापसी होती, ओढ्याकाठची उघड्यावर जायची जागा होती, दारू विकणारी तीन घरं होती, आणि पाटलाचा वाडा कुठे आहे ते काढायला त्या विसरल्याच होत्या. गाव एकच.

हे सगळं अमेरिकेतून आलंय असं मात्र समजू नको. अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा आधी झाडू हातात घ्यायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत सुटायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने सर्वसहमतीने निर्णय घ्यायचे आणि निर्णयाआधी अभ्यास गटात त्याचा कीस काढायचा, ही पद्धत कितीतरी वर्षं चालवली. त्याच गावाला २००९ साली देशात सुरुवातीला सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांमध्ये जागा मिळाली. समुदाय संघटनाच्या प्रकरणापेक्षा तिथं जाऊन दोन दिवस नुसतं बसलास तर जास्त समजेल. ग्रामसभा चालते कशी ते पाहण्यासारखं आहे, उशीर होतो, कोणी घाई करत नाही.

गावचा असण्याचा फायदा नाहीच, असं मी म्हणत नाही. पुष्कळ आहे. नागपूरच्या मुलांनी शिबिरात नोव्हेंबरच्या सकाळी अकराला महिला मेळावा ठेवला, चार म्हाताऱ्या आल्या. वेचणीच्या दिवसांत अकराला बाई गावात सापडते का! तू ही चूक करणार नाहीस. ‘धुरा’, ‘मक्ता’, ‘सोंगणी’ हे शब्द तुला समजावून सांगावे लागणार नाहीत. तुझ्या बोलीमुळे माणसं सैल होतात. पण तोटाही त्याच नाण्यात आहे: तू कोणाचा, कोणत्या जातीचा, बाप कोणत्या पार्टीचा, हे गावाला पाच मिनिटांत कळतं आणि त्यानुसार दारं उघडतात नि मिटतात. म्हणून पहिल्या वर्षी स्वतःच्या पंचक्रोशीतलं गाव मागून घेऊ नको. जाणं-येणं सोपं पडतं म्हणून मुलं तेच मागतात.

आता कॉलेजबद्दल. इथं मी सरळ बोलते. काही ठिकाणी फिल्डवर्क म्हणजे सत्राच्या शेवटच्या आठवड्यात गठ्ठ्याने घेतलेल्या सह्या. मुलं तीन महिने गावात गेलेली नसतात आणि वहीत वीस भेटी असतात. अशा ठिकाणी एमएसडब्ल्यू करण्यापेक्षा पोलीस भरती केव्हाही चांगली, निदान छाती तरी रुंद होईल. प्रवेश घेण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना टपरीवर गाठ आणि विचार: तुमचं फिल्डवर्कचं गाव कोणतं, सर तिथं वर्षात किती वेळा आले, आणि रेकॉर्डिंगची वही दाखवता का? वहीत शेरे दिसले तर नाव घाल. कोऱ्या समासात नुसत्या सह्या असतील तर दुसरं कॉलेज बघ. नागपूर, यवतमाळ, अमरावती, वर्धा, गडचिरोली सगळीकडे सोय आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटचं, म्हणजे १९३६ पासून देशात हे शिक्षण जिथून सुरू झालं त्या संस्थेचं, तुळजापूरला ग्रामीण कामासाठीचं केंद्र आहे. तिकडे जायचं तर सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, इंग्रजी बऱ्यापैकी लागतं आणि खर्चही वाढतो.

इंग्रजीचं आलंच म्हणून सांगते. आपल्याकडे पेपर मराठीत लिहिता येतो, अडत नाही. अडतं नंतर. संस्थेत रुजू झाल्यावर देणगीदाराला जाणारा अहवाल इंग्रजीत असतो, आकडे एक्सेलमध्ये असतात. गावात चांगलं काम करणारी आमची किती मुलं या दोन गोष्टींपायी मागे राहिली! दोन वर्षांत रोज अर्धा तास यासाठी काढलास तर पुष्कळ झालं.

खर्चासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाच्याच आठवड्यात भर. जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी बाकी असेल तर आजच मागे लाग, तिथंच मुलं अडकतात. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयं, इतर मागासवर्गीयांना आधार अशा योजना आहेत. पैसे उशिरा येतात हे धरून चाल आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च घरून निघेल एवढी तजवीज ठेव.

आणि नोकरी. लागते, पण तुझ्या वडिलांच्या डोळ्यांसमोर जी ‘नोकरी’ आहे तशी बहुतेकांना लागत नाही. उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान), माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), जिल्हा बाल संरक्षण कक्ष, अत्याचारग्रस्त बायांसाठीचं सखी केंद्र, एचआयव्ही समुपदेशन केंद्र अशा ठिकाणी एमएसडब्ल्यूला मागणी असते, पण काम बहुधा कंत्राटी, ११ महिन्यांच्या कराराचं. कायम पदं आहेत, सरकारी दवाखान्यातले समाजसेवा अधीक्षक, समाजकल्याण निरीक्षक, परिविक्षा अधिकारी, कुटुंब न्यायालयातले समुपदेशक. जागा थोड्या, जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही. कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होता येतं, चंद्रपूरच्या पट्ट्यात आमचे काही जण आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, तिथंही जागा निघतात. मी स्वतः साडेचार हजारांवर सुरुवात केली होती. आज आमच्या संस्थेत नवीन मुलाला १६ हजार मिळतात, पेट्रोल वेगळं. घरी बहिणीचं लग्न असेल, वडिलांवर कर्ज असेल, तर हे आकडे आईवडिलांसमोर आत्ताच मांड. प्रवेशानंतर नको.

भरतीची तयारी आणि एमएसडब्ल्यू दोन्ही एकदम होईल का, असंही तुझ्या मनात असेल. पहाटेचं मैदान होतं. पण फिल्डवर्कचे दोन दिवस मैदानासाठी बुडवायला लागलास की समज, दोन्हीकडून गेलं. वडिलांशी एक मुदत ठरवून घे: पहिलं सत्र पूर्ण करतो, मग बोलू. एका सत्रात तुलाही कळेल आणि त्यांनाही.

त्याआधी एक काम सांगते, फुकटचं आहे. तुझ्या गावात असा एखादा भाग असेलच जिथं तू कधी बसला नाहीस. तिथं एक सकाळ जा. कोणाला काही शिकवू नको, कोणती योजना सांगू नको. घरी येऊन एक पान लिही, फक्त जे दिसलं आणि ऐकलं ते. ‘बिचारे’, ‘आळशी’, ‘अडाणी’, ‘गरीब’ हे चार शब्द वर्ज्य. ते पान मला पाठव, मी लाल पेन काढून ठेवते.